आपलं आपण म्हणायचं नसतं

एल्ले मामी : गाडीत बसून राहिलास म्हणजे विमान लवकर उडणार आहे का? ये खाली. जाळ धरलाय चांगला.

एरिक : मामी, आल्ताचा विमानतळ अजून लांब आहे. कॉफी तिथंही मिळते.

एल्ले मामी : मिळते की! कागदाच्या पेल्यात गढूळ पाणी. साम्मोल, सांग तुझ्या भाच्याला काहीतरी.

साम्मोल : बस.

एरिक : मामा, तिकीट काढलंय मी.

साम्मोल : खिशात आहे ना? राहू दे तिथंच. ओढ्यावरून किटली भरून आणलीय. ती उकळेपर्यंत कुणी कुठं जात नाही. त्या कातड्यावर बस, खालून ओल येणार नाही.

एल्ले मामी : आणि हे घे. सुकं मांस आहे, कॉफीत टाकून खा. काय दशा झालीय अंगाची! काय देत होते रे त्या इस्पितळात खायला?

एरिक : उकडलेले बटाटे.

एल्ले मामी : आणि रविवारी?

एरिक : रविवारी कुस्करलेले.

एल्ले मामी : हसला! साम्मोल, पाहिलंस? हसला तो.

साम्मोल : पाहिलं. ओरडू नकोस, परत थांबेल.

एरिक : मामी, एक सांगतो. तू सामी भाषेत बोलतेस ते मला कळतं. सगळं कळतं. पण उत्तर नॉर्वेजियनमध्येच येतं तोंडात. वाईट वाटून घेऊ नकोस.

एल्ले मामी : मला कसलं वाईट? आमचा कुत्रा माझ्याशी भुंकून बोलतो, मी त्याच्याशी सामीत बोलते. आमचं उत्तम चाललंय.

साम्मोल : तू त्याला कुत्रा म्हणालीस.

एल्ले मामी : आपल्या घरात कुत्र्याला काय मान कमी आहे? तुझ्याआधी जेवतो. बरं, ते जाऊ दे. डॉक्टरीणबाई निघताना काय म्हणाल्या, ते सांग.

एरिक : गोळ्या चुकवायच्या नाहीत. दर आठवड्याला कुणाशी तरी बोलायचं.

एल्ले मामी : आणि?

एरिक : तुला माहीत आहे. दाराशी उभी राहून ऐकत होतीस.

एल्ले मामी : तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

एरिक : एकटं राहायचं नाही म्हणाल्या.

एल्ले मामी : आणि तू निघालास ऑस्लोला, त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत! शेजाऱ्याचं नाव तरी माहीत आहे का तुला?

एरिक : नाही. तेच बरं वाटतं मला. तिथं मी परका आहे, आणि परक्यासारखाच राहतो. सरळ हिशेब. इथं सगळे आपले म्हणायचे, आणि त्यांच्यात परकं होऊन बसायचं, ते मला झेपत नाही. खरंच नाही झेपत.

एल्ले मामी : कोण म्हणालं तुला परका? नाव सांग. मी बघते त्याच्याकडे.

एरिक : म्हणालं कुणीच नाही. तेच तर. तुमच्या इंगाच्या लग्नात कुणी काहीच म्हणालं नाही.

साम्मोल : कॉफी वर आली. जरा बाजूला हो.

एरिक : बघ, मामा, आत्ताही तू कॉफी काढलीस. तेव्हाही असंच केलं होतंस.

साम्मोल : काय केलं होतं?

एरिक : मीठ मागितलं होतंस. अख्खा हिवाळा मी खोलीत बसून ते योइक जमवलं होतं, मामा. इंटरनेटवर ऐकून ऐकून. पुस्तकातून एकेक शब्द शोधून. खालचे लोक छताला काठी आपटायचे. मला वाटायचं, आपल्या लोकांत प्रत्येक माणसाचं एक योइक असतं, त्याचं स्वतःचं गाणं. इंगाचं आहे, तिच्या भावांचं आहे, मेलेल्या म्हाताऱ्यांचंसुद्धा आहे. माझंच नाही. कोण करणार होतं माझं? नॉर्वेजियन बापाचा, समुद्रकाठच्या गावात वाढलेला पोरगा मी. मग म्हटलं, आपणच करू. आणि लग्नात रश्शाची पातेली फिरत होती, सगळे खुशीत होते, तेव्हा उठून उभा राहिलो आणि म्हटलं.

एल्ले मामी : मोठ्यानं म्हटलंस. आवाज छान आहे तुझा.

एरिक : आणि सगळा तंबू गप्प. चमचेसुद्धा थांबले. कुणीतरी खोकलं. मग मामा, तू म्हणालास, "मीठ द्या इकडे." इस्पितळात छताकडे बघत पडायचो ना, तेव्हा मला ते मीठच ऐकू यायचं.

साम्मोल : मला दुसरं काही सुचलं नाही.

एरिक : मी खाली बसलो. आणि कळलं की संपलं. जिथं जागा मिळेल असं वाटत होतं, तिथंही ती नाही. त्यानंतर नदीवर गेलो. पुढचं तुला ठाऊक आहे. पाण्यातून तूच काढलंस मला.

साम्मोल : हो.

एल्ले मामी : साम्मोल, आता बोलतोस की मी बोलू?

साम्मोल : कॉफी ओततोय.

एल्ले मामी : कॉफी मी ओतते. दे ती किटली इकडे. तू बोल. पोरगं विमानात बसून गेलं की मग घरी येऊन खिडकीशी बसशील आणि मलाच छळशील.

साम्मोल : बोलतो. एरिक, आपलं योइक आपण म्हणायचं नसतं.

एरिक : म्हणजे?

साम्मोल : म्हणजे नसतं म्हणायचं. दुसऱ्यानं करायचं, दुसऱ्यानं म्हणायचं. ज्याचं आहे त्यानं ऐकायचं, आणि ऐकताना जरा दुसरीकडे बघायचं. बारशाला कुणी स्वतःचं नाव स्वतः ठेवतं का?

एल्ले मामी : आपल्याच गळ्यात आपण हार घालून घेण्यातला प्रकार होतो तो. आमच्याकडे एक बुवा दारू चढली की स्वतःचं म्हणायचा. बायको त्याला उचलून घरी न्यायची.

एरिक : हे पुस्तकात नव्हतं.

साम्मोल : नसणारच. हे कुणाला लिहावंसं वाटणार? सगळ्यांना माहीतच असतं.

एरिक : सगळ्यांना. माझ्याशिवाय. म्हणजे मी त्या दारुड्या बुवासारखा दिसलो. वा. बरं वाटलं ऐकून.

साम्मोल : पूर्ण ऐक. तंबूत कुणी तुझ्याकडे बघत नव्हतं. तू मान खाली घालून बसला होतास, तुला दिसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. इंगाच्या डोळ्यांत तर पाणी होतं.

एरिक : तुझ्याकडे का?

एल्ले मामी : कारण तुझं आहे, बाळा. योइक. तुझं स्वतःचं. तेवीस-चोवीस वर्षं झाली असतील त्याला, आणि ह्यानंच केलंय.

एरिक : मामी, माझी समजूत काढायला असलं काही सांगू नकोस. डॉक्टरीणबाई तेच करायच्या.

एल्ले मामी : मी आणि समजूत काढणार? चाळीस वर्षांत ह्या माणसाची एकदाही काढली नाही, तुझी काढू? सांग रे त्याला.

साम्मोल : रेनडिअरच्या वासरांच्या कानांवर मालकीच्या खुणा करायचे दिवस होते. तुझी आई तुला घेऊन आली होती आमच्याकडे, डोंगरावर. सगळा उन्हाळा राहिलात. तू एवढासा. तुझे बूट ओले झाले म्हणून माझे घातले होतेस, मांडीपर्यंत येत होते. कळप पुढं पळायचा, आम्ही त्याच्यामागं, आणि तू आमच्यामागं. धड पळता येईना. पडायचास, उठायचास, आणि ओरडायचास, "थांबा ना! मी पण येतोय!" रडायचास मात्र नाही. रागावून ओरडायचास. जसं काही कळपाचीच चूक आहे.

एल्ले मामी : आणि एकदा कळप थांबला रे खरंच. का थांबला देव जाणे. हा मधोमध जाऊन उभा, कमरेवर हात.

साम्मोल : त्याच दिवशी आलं ते मला. करावं लागलं नाही. चालता चालता आलं.

एरिक : मी हे सामीत ओरडायचो?

साम्मोल : मग? कळपाला नॉर्वेजियन कुठून येणार?

एरिक : शक्य नाही. मला सामी बोलता कधी येतच नव्हतं. आई सांगायची, मी पाच वर्षांचा होईपर्यंत बोललोच नाही. बोलायला फार उशीर केला म्हणायची. डॉक्टरीणबाईंनाही मी तेच सांगितलं. लहानपणापासूनच माझ्यात काहीतरी कमी आहे, असं.

एल्ले मामी : बोलला नाहीस? तू? अरे, डोकं उठवायचास माझं! हे काय, ते काय, ह्या रेनडिअरला काय म्हणतात, त्याची शिंगं अशी का, मामीच्या नाकावर तीळ का. झोपेतसुद्धा बडबड. नॉर्वेजियन बोलत नव्हतास, एवढंच. ते शाळेत घालताना शिकवलं तुला.

एरिक : आईनं असं का सांगितलं मला?

साम्मोल : तुझ्या आईला, राव्दनाला, शाळेत फार त्रास झाला होता. सामी बोलली की जेवणाच्या वेळी कोपऱ्यात उभं करायचे. लहान होती, उपाशी उभी राहायची. तुला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मला म्हणाली, आता घरात फक्त नॉर्वेजियन. माझ्या पोराला कोपरा माहीत व्हायला नको.

एल्ले मामी : तुझ्याशी नॉर्वेजियन बोलायची आणि फोनवर माझ्याशी सामीत रडायची. मी सांगत होते, राव्दना, असं करू नकोस, दिवस बदललेत. पण ज्याचं पोळलंय त्याला कोण समजावणार?

एरिक : आणि योइक?

साम्मोल : त्यावर तर प्रार्थनाघराची मनाई. ती पहिल्या बाकावर बसणारी. म्हणाली, साम्मोल, शब्द दे, त्याच्यासमोर हे कधी म्हणणार नाहीस. ऐकलं तर त्याला इकडे यावंसं वाटेल, आणि भाषा नाही, मग तो ना इकडचा ना तिकडचा. मी शब्द दिला. बहीण होती. रडत होती. काय करणार?

एरिक : मग झालं तर. कुणी ऐकलं नाही, कुणाला माहीत नाही. असून नसल्यासारखं.

एल्ले मामी : कुणाला माहीत नाही? अरे वेड्या, कुंपणापाशी कळप हाकताना पोरं तेच म्हणतात! इंगाला येतं, तिच्या भावांना येतं. पलीकडच्या तळावरच्या पोरांनी तर तुला कधी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना तू पाठ आहेस.

साम्मोल : शब्द तुझ्यासमोर न म्हणण्याचा होता. तुझ्यामागं म्हणू नको असं ती म्हणाली नव्हती.

एरिक : म्हणजे मी तिथं खोलीत बसून... आणि इथं तुम्ही...

एल्ले मामी : इथं तू रोज जेवायला होतास, असं समज.

एरिक : मग लग्नात सांगितलं का नाही कुणी?

साम्मोल : मीच सांगायचं होतं ते. आणि मला कळेना, माणूस गेलं की त्याला दिलेला शब्द सुटतो की तसाच राहतो. अजून कळलेलं नाही.

एल्ले मामी : मी म्हणते सुटतो. आणि राव्दनानं तरी कुठं पाळलं? ते सांग त्याला. फोनचं.

साम्मोल : ते राहू दे.

एल्ले मामी : राहू दे कसं? एरिक, तू ऑस्लोला गेलास ना, त्यानंतर तुझी आई फोन करायची. तुझा बाप बस घेऊन कामावर गेला की. हा फोन घेऊन जायचा गाडीत, दार लावून बसायचा. मला वाटलं, ह्या वयात ह्याचं बाहेर काहीतरी चाललंय.

साम्मोल : कुणाला परवडतंय बाहेर!

एल्ले मामी : एकदा जाऊन काचेला कान लावला. तर हा तुझं योइक म्हणतोय. फोनमध्ये.

एरिक : आईला?

साम्मोल : आधी हवापाणी विचारायची. मग वासरं किती झाली. मग कुत्रं कसं आहे. मग मला श्वास ऐकू यायचा नुसता. आणि मग म्हणायची, "साम्मोल, आण रे त्याला जरा."

एरिक : मला?

साम्मोल : योइक म्हटलं की माणूस येतं. येतं म्हणजे येतं. कुठंही असो. ती स्वतः म्हणायची नाही, तिनं प्रार्थनाघरात शपथ घेतलेली. पण ऐकायला कुणी बंदी केलेली नाही म्हणायची.

एरिक : मला तर ती कधी फोन करायची नाही. मीच करायचो, रविवारी. म्हणायची, जेवलास का, पैसे आहेत का, ठेवते. मला वाटायचं, तिला माझी आठवणच येत नाही.

एल्ले मामी : नॉर्वेजियनमध्ये येत नव्हती तिला आठवण. कशी येणार? त्या भाषेत ती दुकानात जायची, बँकेत जायची. त्या भाषेत तिला कधी कुणी कुशीत घेतलं नव्हतं.

एरिक : मामा, म्हण.

साम्मोल : समोर?

एरिक : दुसरीकडे बघतो.

(साम्मोल योइक म्हणतो. फार वेळ नाही. सूर अडखळतो, पुन्हा उठतो, पुन्हा अडखळतो; त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं. संपल्यावर तो किटलीकडे हात नेतो.)

एल्ले मामी : मीठ मागू नकोस आता.

साम्मोल : नाही मागत.

एरिक : पडल्यासारखं होतं मधेच.

साम्मोल : ते तू. बूट मोठे होते.

एरिक : मला बूट आठवत नाहीत. काहीच आठवत नाही. पण ते "थांबा ना"... ते ऐकलं आणि इथं, छातीत, कुणीतरी हात ठेवल्यासारखं झालं. ते मी ओळखतो, मामा. कुठून, ते माहीत नाही.

साम्मोल : तुझेच शब्द आहेत. मी फक्त सांभाळले.

एरिक : शेवटच्या दिवसांत आई सामीतच बोलायला लागली होती. बाबांना काही कळेना, नर्सला कळेना. मला कळत होतं. पाय गार पडलेत म्हणत होती, लोकरीचे मोजे दे म्हणत होती. मी मोजे आणले, घातले. ती माझ्याकडे बघत राहिली. वाट बघत होती, मी काही बोलेन म्हणून. साधं "हो आई" म्हणायचं होतं. नाही फुटला शब्द. दुसऱ्या दिवशी ती गेली.

एल्ले मामी : ये इकडे. ये. अरे, मोजे घातलेस ना? तिला कळलं असेल.

एरिक : मला आई हवीय, मामी. बाकी काही नाही झालं मला. डॉक्टरांनी मोठमोठी नावं सांगितली, ती खरी असतील. पण मला आई हवीय, आणि तिच्याशी बोलायचंय.

एल्ले मामी : रड. लाजू नकोस. धूर आहेच डोळ्यांत जायला.

साम्मोल : एरिक, निघायचं असेल तर आत्ता निघावं लागेल. गाडी जोरात हाणली तर विमान मिळेल. तू म्हणशील तसं. पण माझी इच्छा विचारशील तर तू जाऊ नयेस. तेवढं एकदा सांगून टाकतो.

एरिक : बर्फ पडेपर्यंत राहिलो तर चालेल?

साम्मोल : कुंपणाला माणूस हवाच आहे.

एल्ले मामी : बर्फ पडेपर्यंत काय, वितळेपर्यंत राहा. इंगाची जुनी खोली रिकामीच आहे. तिथं ह्यानं जाळी कोंबून ठेवलीत, ती तो काढेल.

एरिक : दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जावं लागेल. ते सोडायचं नाहीये मला. आणि एका गाण्यानं मी बरा झालो असं समजू नका. आजच सकाळी...

साम्मोल : समजत नाही. नेईन मी दर आठवड्याला. मलाही गावात काम असतं.

एल्ले मामी : ह्याला गावात काही काम नसतं. नेईल तो.

एरिक : मामा, आईचं होतं का? योइक?

साम्मोल : आहे. होतं नाही म्हणायचं. माणूस गेलं तरी ते असतं.

एरिक : कुणी केलं?

साम्मोल : आमच्या वडिलांनी. ती बारा-तेरा वर्षांची असताना. दोनच शब्द आहेत त्यात, बाकी सूर. ती प्रार्थनाघरात जायला लागल्यापासून तिच्यासमोर कुणी म्हटलं नाही.

एरिक : ते मला म्हणता येईल? की त्यालाही काही मनाई आहे?

साम्मोल : तुला तेच तर म्हणता येईल. दुसऱ्याचंच म्हणायचं असतं.

एरिक : दोन शब्द म्हणजे सामीत म्हणावे लागतील.

एल्ले मामी : नाही, चिनीत म्हण.

एरिक : मामी, खरंच सांगतो. चेष्टा नाही. तोंड उघडलं की कोणीतरी मागून कॉलर धरतं.

एल्ले मामी : धरू दे. आम्ही दोघंच आहोत इथं, आणि मी किटली धुवायला ओढ्यावर जाते. साम्मोल तर अर्धा बहिरा आहे.

साम्मोल : डावा कान. उजव्या बाजूला बस. आधी नुसता सूर ऐक. हळू चालतो तो. डोकं एका बाजूला कलतं करून चालायची ती, तसा... हं. आता म्हण.

एरिक : ...

साम्मोल : शब्द नको. नुसता सूर.

एरिक : ...लो... लो-ला...

साम्मोल : खाली घे जरा. एवढी उंच नव्हती ती.

एरिक : लो-ला... लो... आता शब्द?

साम्मोल : आता शब्द.

एरिक : ...

साम्मोल : थांबू नकोस. मी इथंच आहे.

एरिक : फुटला! मामा, फुटला शब्द. पण चुकीचा आला असेल. वाकडातिकडा.

साम्मोल : वाकडा आला. चालेल. अजून एकदा.

एरिक : कुणीच नाही आलं रे. तू म्हटलंस तेव्हा मला बूट घातलेला तो पोरगा दिसल्यासारखा झाला. आता काहीच नाही.

साम्मोल : म्हणत राहा. घाई करू नकोस. राव्दना कुठंही जरा उशिराच यायची.